काकूंनी दिलेलं पुस्तक साठ पानांवर अडकलंय, आता काय सांगू?

या वेळचं पत्र ठाण्याहून आलंय. मोठं होतं म्हणून थोडं कमी केलंय, बाकी शब्द तिचेच आहेत.

"ताई नमस्कार. मी वर्तकनगरला राहते, ऑफिस महापेला. रोज ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकल पकडून कोपरखैरणेला उतरते. लेडीज डब्यात आमचा सहा-सात जणींचा ग्रुप आहे आणि मागच्या पावसाळ्यापासून आम्ही एकमेकींना पुस्तकं द्यायला लागलो. आज काय वाचतेयस, हे कसं आहे, मला दे ना नंतर, असं सगळं. सुरुवातीला खूप मजा आली. ग्रुपमध्ये एक काकू आहेत, वाशीला बँकेत, रिटायरमेंटला आल्यात, वाचन प्रचंड. मूळच्या खेडकडच्या. त्यांनी मला 'तुंबाडचे खोत'चा पहिला खंड दिला, छान कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर वगैरे घालून. मी उड्या मारत घेतला कारण मला तुंबाड पिक्चर जाम आवडला होता. पण हे वेगळंच निघालं आणि साठाव्या पानावर जी अडकले ती अडकलेच. घरी वेळ मिळत नाही, गाडीतच वाचते. काकू रोज विचारतात, कुठवर आलीस? मी आधी खोटंच सांगितलं की छान चाललंय. आता तर काही दिवस झाले मी दुसऱ्या डब्यात चढतेय. दुसरं म्हणजे, माझ्या जवळच्या मैत्रिणीला मी 'रारंगढांग' दिलं, माझं सगळ्यात लाडकं पुस्तक, तिने लगेच परत दिलं, म्हणाली नुसते रस्ते आणि मिलिट्री, बोअर झालं गं. मला खूप लागलं ते. आणि खरं सांगू का, मी स्वतः रात्री भयकथा आणि रहस्यकथा वाचते, भांडी घासताना फोनवर ऐकते पण, पण ग्रुपमध्ये हे बोलत नाही कारण तिथे सगळ्या मोठी मोठी नावं घेतात. शिवाय माझी दोन पुस्तकं एका मुलीकडे राहिलीत, ती जॉब बदलून पुण्याला गेली. मला ग्रुप सोडायचा नाहीये पण वाचन म्हणजे आता होमवर्क झालंय. काकूंना काय सांगू?"

अगं, सगळ्यात आधी एक कर, उद्यापासून परत आपल्या डब्यात चढ. पुस्तक वाचून झालं नाही म्हणून डबा बदलायचा नसतो. नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर गाडी लागल्या लागल्या आत शिरून, पर्स ठेवून तुझ्यासाठी जागा धरणाऱ्या बायका आहेत त्या, असा ग्रुप सहजासहजी जमत नाही आणि त्यात पुस्तकांवर बोलणारा तर नाहीच नाही. तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त काय खटकलं असेल तर हेच, की ज्या गोष्टीमुळे तुम्ही एकत्र आलात त्याच गोष्टीमुळे तू लांब जाऊन बसलीस.

आता काकूंचं बघू, कारण मला वाटतं तुझा खरा प्रश्न तोच आहे, बाकीचे त्याच्या मागून आलेत.

पहिलं म्हणजे पिक्चरचा घोळ. हा खूप जणांचा होतो. पिक्चर २०१८ चा, आणि श्री. ना. पेंडशांची कादंबरी १९८७ ची, नाव तेवढं तिकडून आलंय, गोष्टीचा काही संबंध नाही. पिक्चरची मुळं नारायण धारपांच्या भयकथेत आहेत. तू वाड्यातलं भूत आणि सोन्याच्या मोहरा शोधत साठ पानं वाचलीस आणि तिथे निघालं कोकणातलं एक खोतांचं घराणं, त्यांच्या पिढ्या, त्यांचा माज, त्यांची भांडणं, जगबुडी नदीच्या काठचं गाव. म्हणजे तू ज्याची वाट बघत होतीस ते त्या पुस्तकात येणारच नव्हतं. मग कंटाळा येईल नाहीतर काय होईल? यात तुझी वाचनाची कुवत कमी वगैरे काही नाहीये, हे डोक्यातून आधी काढून टाक.

दुसरं, तू ते गाडीत वाचत होतीस. ठाणे ते कोपरखैरणे वीसेक मिनिटं, त्यात आता मध्ये दिघा स्टेशन पण आलंय, ऐरोली-रबाळ्याला धक्काबुक्की, कुणाचा फोन, कुणाचा डबा, कुणाची गजऱ्याची पिशवी आपल्या मांडीवर. दोन खंड मिळून हजाराच्या वर पानं असलेली, पिढ्यान्‌पिढ्यांची कादंबरी अशी वीस वीस मिनिटांच्या तुकड्यात सुरू करणं फार अवघड आहे गं, कारण पहिली शंभर पानं कोण कोणाचा कोण हे समजण्यातच जातात आणि तोवर तुझं स्टेशन येतं. दुसऱ्या दिवशी परत मागची चार पानं वाचायची. अशी पुस्तकं एकदा लय लागली की गाडीतही वाचता येतात पण सुरुवात मात्र घरी, एखाद्या रविवारी दुपारी, सलग दोन-तीन तास काढूनच करावी लागते. आणि बुकमार्क म्हणून एक कोरा कागद ठेवायचा, त्यावर नावं लिहीत जायची, हा ह्याचा मुलगा, ही ह्याची बायको. मी सगळ्या जाड कादंबऱ्यांना हे करते, फार फरक पडतो.

आणि तिसरं, जे तू पत्रात एका शब्दात लिहून पुढे गेलीस. काकू खेडकडच्या आहेत. अगं, खेड जगबुडीच्याच काठावर आहे! ती नदी, ती खाडी, ती माणसं, ती भाषा, हे सगळं त्यांनी लहानपणी बघितलेलं आहे. बँकेत आयुष्य गेलं, वाशीला रोजची गाडी, आणि ग्रुपमधल्या सगळ्यात लहान मुलीला त्यांनी काय दिलं तर स्वतःच्या मुलखाचं पुस्तक, कव्हर घालून. कव्हर घालायला बसलेली बाई डोळ्यासमोर आण जरा, जुन्या कॅलेंडरचं गुळगुळीत पान, आतली बाजू बाहेर, कोपरे दुमडून नीट चिकटवलेले, म्हणजे पावसात गाडीच्या दारातून पाणी आलं तरी पुस्तक भिजू नये. त्या रोज "कुठवर आलीस" विचारतात ते तुझी परीक्षा घ्यायला नाही असं मला वाटतं. त्यांना बघायचंय की तू त्यांच्या गावात पोचलीस का. आणि तू "छान चाललंय" म्हणतेस तेव्हा त्यांना पुढे बोलायला काहीच उरत नाही, म्हणून त्या दुसऱ्या दिवशी परत तेच विचारतात.

मग काय सांगायचं? जे आहे ते. "काकू, मी साठाव्या पानावर अडकलेय, मी पिक्चरसारखं काहीतरी असेल समजून घेतलं होतं, आणि गाडीत वाचताना माणसांची नावं डोक्यात राहत नाहीयेत. तुम्ही सांगा ना, तुम्हाला यात काय आवडलं? तुमच्याकडे खरंच असे खोत होते का?" बस. आणि मग गप्प बसून ऐक. मला खात्री आहे त्या कोपरखैरणेपर्यंत बोलत राहतील आणि तू उतरताना म्हणतील अजून सांगायचं राहिलंय. कदाचित ते ऐकल्यावर तुला साठाव्या पानाच्या पुढे जावंसं वाटेल, कदाचित नाही वाटणार. दोन्ही चालेल. नाही वाटलं तर पुस्तक परत दे, कव्हरसकट, आणि सांग की आत्ता माझ्याच्याने होत नाहीये, पुढे कधीतरी परत मागेन. पेंडसे वाचूनच बघायचे असतील तर त्यांचीच 'गारंबीचा बापू' माग त्यांच्याकडून, तीही कोकणातलीच पण कितीतरी लहान, एकाच माणसाच्या मागे मागे जाते, गाडीतल्या वाचनाला एकदम चांगली. काकूंकडे असणारच ती, मी सांगते.

खोटं मात्र परत बोलू नकोस. पुस्तकाबद्दलचं खोटं फार लवकर उघडं पडतं कारण समोरच्याला त्यावरच तर बोलायचं असतं. आणि न आवडलेलं आवडलं सांगितलंस की तुला पुढचं पुस्तकही तसलंच मिळतं, मग तेही अडकतं, मग परत खोटं. काकूंना तुझी आवड कळायला तू काही संधीच दिली नाहीयेस अजून.

आता 'रारंगढांग' आणि मैत्रीण. हे तुला खूप लागलंय हे कळतंय आणि ते लागणं साहजिक आहे, आपलं लाडकं पुस्तक कुणी बोअर म्हणालं की आपल्यालाच बोअर म्हटल्यासारखं होतं. पण मला एक सांग, देताना तू तिला काय म्हणालीस? मी पैज लावते की "जबरदस्त आहे, वाचच" एवढंच म्हणाली असशील. आपण सगळेच हे करतो. वाचच म्हटलं की समोरच्यावर एक काम येऊन पडतं आणि जबरदस्त म्हटलं की त्यात काय आहे ते काहीच कळत नाही. मग तिने पहिली पन्नास पानं बघितली, तिला रस्ते दिसले, मिलिट्री दिसली, ते तिला नको होतं, संपलं. तुला त्यात जे दिसलं होतं ते तिला कुठून दिसणार? मुंबईतली चांगली नोकरी सोडून हिमालयात बॉर्डरचे रस्ते बांधायला गेलेला इंजिनिअर, एकीकडे लष्कराची शिस्त आणि दुसरीकडे हाताखालची माणसं, आणि त्याला आतून जे पटतं ते आणि जे करायला सांगितलं जातं ते जुळत नाही तेव्हा तो काय करतो. तुला ते का भिडलं? तू स्वतः नोकरीत कुठे अशी अडकली होतीस का? ते तिला सांगितलं असतंस तर तिने पुस्तक कदाचित याच कारणासाठी वाचलं असतं, किंवा आधीच म्हणाली असती की नको गं, आत्ता मला हलकंफुलकं काहीतरी दे. दोन्हीकडून तुझं मन दुखावलं नसतं.

आणि देण्याआधी विचारायचं. "तुला काय आवडतं" हे विचारू नकोस, त्याला कुणालाच नीट उत्तर देता येत नाही, सगळे म्हणतात मी काहीही वाचते. विचारायचं असं, की शेवटचं कुठलं पुस्तक तू खाली न ठेवता वाचलंस? आणि दुसरं, कुठलं पुस्तक अर्धवट सोडलंस? या दोन उत्तरांत माणसाची सगळी आवड येते. एखादी म्हणाली की शाळेत असताना 'माणदेशी माणसं' एका बैठकीत वाचलं होतं तर तिला माणसांची चित्रं आवडतात, तिला पु. लं.चं 'व्यक्ती आणि वल्ली' दे, अनिल अवचटांचं 'माणसं' दे, पण आधी सांग की अवचटांचं पुस्तक हसवणारं नाहीये. एखादी म्हणाली की अमुक ऐतिहासिक कादंबरी वर्णनांमुळे सोडली तर तिला 'बनगरवाडी' दे, व्यंकटेश माडगूळकरांनी धनगरांच्या वस्तीवर आलेल्या तरुण मास्तरची गोष्ट इतक्या थोड्या शब्दांत सांगितलीय की एकही ओळ जास्तीची वाटत नाही. ते १९५५ चं पुस्तक आहे पण भाषा अजून ताजी लागते. चांगल्या लायब्ररीत काउंटरवरची माणसं हेच करायची आणि अजून करतात, नवीन पुस्तक सुचवायच्या आधी विचारतात याआधी काय नेलं होतं, ते कसं वाटलं.

आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणतात त्या एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली होती. त्यातली दोन मला फार आवडतात, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. माझं पुस्तक तुलाही आवडलंच पाहिजे असं त्यात कुठेही नाहीये. 'रारंगढांग'ला तुझ्या मैत्रिणीपेक्षा दुसरी वाचक हवी होती आणि ती त्याच डब्यात बसलेली असू शकते. आणि तुझ्या मैत्रिणीचं पुस्तकही कुठेतरी असेल, ते शोधायला तिच्यावरचा राग आधी जायला हवा. तिने न वाचता महिनाभर ठेवून घेतलं नाही, खोटं कौतुक केलं नाही, सरळ बोअर झालं म्हणाली, ही खरं तर चांगल्या मैत्रिणीची गोष्ट आहे. तू काकूंशी हे करू शकली नाहीस ना? तिने तुझ्याशी केलं.

मग ग्रुपमध्ये काय बोलायचं. माझं म्हणणं एवढंच आहे, "हे वाच" कमी करा आणि "मी हे वाचतेय" वाढवा. आणि हे सांगताना मागच्या कव्हरवरचा मजकूर नको, पूर्ण गोष्ट तर अजिबात नको (शेवट सांगणाऱ्या बाईला खिडकीची जागा देऊ नका). एक प्रसंग सांगायचा, आज सकाळी किंवा काल रात्री वाचलेला, ताजा. म्हणजे बघ, मला कुणी आत्ता विचारलं तर मी सांगेन की मी लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' परत काढलंय, सुरुवातीचाच भाग चालू आहे, त्यांच्या वडिलांना सोवळ्याचं इतकं वेड लागलेलं असतं की अख्खं घर त्यापायी हैराण, आणि लक्ष्मीबाई हे असं सांगतात की हसायलाही येतं आणि त्या घरातल्या बायकांचं काय झालं असेल म्हणून पोटात गलबलतंही. शंभर वर्षांच्या आधीचं घर आणि काल संध्याकाळी शेजारणीने सांगावं तसं सांगितलंय. आता यात मी तुला वाच म्हटलं का? नाही म्हटलं. पण तुला उघडून बघावंसं वाटलं असेल तर बघशील. आणि कंटाळा आला असेल तर तोही सांगायचा, की मधली वीस पानं माझ्याच्याने होत नाहीयेत, पुढे बरं आहे का गं? कुणीतरी वाचलेलं असतं, ती सांगते की अगं ती सोड, पुढच्या प्रकरणापासून चांगलं आहे. अडकलेल्या पानाबद्दल बोलता आलं की होमवर्क वाटत नाही, हे करून बघ.

भयकथांचं लपवणं तर आधी बंद कर, मला ते वाचून खरंच वाईट वाटलं. रात्री दिवसभराची दमून आलेली तू दिवा लावून जे वाचतेस तेच तुझं खरं वाचन आहे. मराठीत रहस्यकथा आणि भयकथा वाचणाऱ्यांची केवढी मोठी परंपरा आहे, बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांच्या पुस्तकांसाठी लोक लायब्ररीत नंबर लावायचे, त्या पुस्तकांनी कितीतरी घरांत वाचायची सवय लावली. नारायण धारप आहेत, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आहेत, सुहास शिरवळकर आहेत. मतकरींची एखादी गूढकथा नीट वाच, घाबरवण्याच्या आधी ते माणसाचं मन कसं उलगडत नेतात ते बघ, आणि मग सांग हे कुठल्या मोठ्या नावापेक्षा कमी आहे. शिवाय गूढकथा गाडीसाठी तर एकदम योग्य, ठाण्याला सुरू केली की घणसोली येईपर्यंत एक होते. आणि ऐकणं पण वाचनच धरायचं, स्टोरीटेल वगैरे ॲपवर मराठी पुष्कळ आहे, चांगला वाचणारा असेल तर कधी कधी जास्त कळतं, पोळ्या लाटताना हातात पुस्तक धरता येत नाही म्हणून बाईने गोष्टीविना राहायचं का?

तर काकूंना पुस्तक परत देशील किंवा पुढे वाचायला ठेवशील, जे काय करशील त्या दिवशी त्यांच्या हातात धारपांचं किंवा मतकरींचं एक पुस्तक ठेव. म्हण की काकू, मी हे वाचते रात्री, ही अमुक कथा वाचून मी उठून कडी लागलीय का बघून आले. एकच कथा वाचा, बाकी नको. काकूंना आवडेल का माहीत नाही पण त्यांना तू कोण आहेस ते कळेल, आणि आजवर देवघेव एकाच बाजूने चालली होती ती दोन्ही बाजूंनी सुरू होईल. आणि मला वाटतं ग्रुपमधली आणखी एक तरी बाई हळूच म्हणेल, मलापण दे गं नंतर. सगळ्याच जणी रोज रात्री मोठी नावं वाचत नसतात, सांगायची हिंमत कुणीतरी पहिल्यांदा करावी लागते.

पुण्याला गेलेल्या मुलीचं सोपं आहे. तिला मेसेज कर, आडून आडून नको, सरळ, "माझी अमुक आणि अमुक ही दोन पुस्तकं तुझ्याकडे आहेत, मला हवी आहेत, कुरिअरचे पैसे मी देते किंवा तू ठाण्याला आलीस की आण." पुस्तकांची नावं घालायची, नुसतं माझी पुस्तकं म्हणू नकोस, तिला आठवतही नसेल कुठली ते. बहुतेक लोक पुस्तक ढापत नाहीत, त्यांना लाज वाटत राहते इतके दिवस झाले म्हणून, आणि मग आणखी दिवस जातात. (तूही काकूंपासून तशीच लपलीयेस ना, मग तिची अडचण तुलाच जास्त कळेल.) पुढच्यासाठी, पहिल्या पानावर पेनाने नाव आणि मोबाईल नंबर टाक, आणि ग्रुपची एक छोटी वही करा, कुणाचं पुस्तक कुणाकडे, कधी दिलं, एक ओळ. वही एकीच्याच पर्समध्ये राहू दे, फिरवत बसलात की वहीच हरवते. आणि ज्या पुस्तकावर आजीने लिहून दिलंय किंवा जे आता छापलं जात नाही ते पुस्तक द्यायचंच नाही, सरळ सांगायचं की हे मी देत नाही, घरी येऊन वाच. याचा कुणाला राग येत नाही.

पुस्तकं कमी पडायला लागतील तुम्हाला लवकरच, सहा-सात घरातली कपाटं किती पुरणार. तू ठाण्यातच राहतेस, आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे, 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणाऱ्या वि. ल. भाव्यांनी पुढाकार घेऊन सुरू केलेलं. मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालयसुद्धा त्याच्यानंतरचं, १८९८ चं. एवढी जुनी लायब्ररी आपल्या गावात आहे आणि आपण तिच्यासमोरून रिक्षाच्या लायनीत उभं राहायला पळतो. तुमच्यातल्या दोघींनी जरी लायब्ररी लावली, अनामत रक्कम आणि वर्गणी भरायची बास, तरी सगळ्या ग्रुपचं वाचन चालेल, फक्त लायब्ररीचं पुस्तक एकीकडून दुसरीकडे देताना तारीख बघा, शेवटच्या पानावर चिकटवलेल्या कागदावर शिक्का असतो, दंड जिच्या नावावर पुस्तक तिला पडतो. वाशी-नेरूळकडच्या ज्या आहेत त्यांनी आपापल्या भागातल्या लायब्रऱ्या बघाव्यात.

आणखी एक कल्पना आवडली तर बघा. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' म्हणून योजना आहे, पुस्तकांनी भरलेली पेटी एका गटाकडे जाते, तिथल्या लोकांनी वाचायची आणि काही महिन्यांनी ती पेटी दुसरीकडे, दुसरी इकडे. तुम्ही तेच पिशवीत करू शकता. एक चांगली जाड कापडी पिशवी, त्यात प्रत्येकीने एक पुस्तक टाकायचं आणि त्यात एक चिठ्ठी, की मी हे का टाकलं. दर महिन्याला पिशवी एकीच्या घरी. ती जे वाचेल ते वाचेल, न वाचलेलं तसंच पुढे जाईल, कुणी कुणाला कुठवर आलीस विचारायचं नाही. वाचलेल्या पुस्तकात आपलीही एक चिठ्ठी टाकायची, मला अमुक पान आवडलं, किंवा मला नाही जमलं. पुढची जेव्हा ते पुस्तक उघडते तेव्हा तिला गोष्टीच्या आधी तीन मैत्रिणींचं अक्षर दिसतं. सगळ्या रोज एकाच वेळच्या गाडीला नसतात, कुणाची सुट्टी, कुणाचं वर्क फ्रॉम होम, त्यांनाही यात राहता येतं.

पण हे सगळं नंतर. आधी काकूंशी बोल. गाडी ठाण्यालाच उभी असताना, बाकीच्या यायच्या आत बोल, सगळ्यांसमोर नको, म्हणजे त्यांनाही संकोच होणार नाही. त्या काय म्हणाल्या ते मला कळव, आणि मैत्रिणीने न थांबता वाचलेलं शेवटचं पुस्तक कुठलं सांगितलं तेही लिही, तिच्यासाठी पुढचं पुस्तक शोधायला मलाही आवडेल.